शिफ्टवरचं बोट आणि लंबगोल शिक्का

दिवाळी अंकाची जाहिरातींची पानं प्रूफला आली आणि एका सहकारी बँकेच्या पानावर बँकेचा गोल शिक्का लंबगोल दिसला. पट्टी लावून मोजलं तर रुंदी 38 मिलिमीटर, उंची 35.2. शेजारी अध्यक्षांचा फोटो होता, तोही तेवढाच दबलेला. पण चेहरा सात टक्क्यांनी दबला तर माणूस फक्त जरा जाड दिसतो आणि नजर पुढे सरकते. वर्तुळाचं तसं नसतं. शिक्का नसता तर ते पान तसंच छापून गेलं असतं.

स्टुडिओ दादरचा. चार संगणक, दोन पाळ्या, सहा माणसं. तो प्रातिनिधिक आहे. अशी कामाची घडी असलेल्या जागा दादरपासून गिरगावपर्यंत बऱ्याच आहेत. पण खाली आलेली प्रत्येक कळ, प्रत्येक मेन्यू आणि चुकण्याची प्रत्येक तऱ्हा खरी आहे. अंकाची पानं इनडिझाइनमध्ये लागतात, फोटो फोटोशॉपमध्ये होतात, लोगो आणि जाहिरातींचे आराखडे इलस्ट्रेटरमध्ये. ही तिन्ही अ‍ॅडोबी कंपनीची. लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि मंडळांचे कार्यअहवाल अजून कोरलड्रॉमध्येच होतात, कारण ते करणाऱ्या काकांच्या हातात वीस वर्षांचं कोरल आहे. त्यामुळे एकच माणूस एका दिवसात तीन-चार सॉफ्टवेअरमधून फिरतो. चूक या फिरण्यात झाली होती.

प्रीफ्लाइट हिरवं, पान चुकीचं

पहिला संशय इनडिझाइनवर गेला. तिथे फ्रेम ओढताना कंट्रोल धरलं आणि शिफ्ट राहून गेलं, तर आतलं चित्र ताणलं जातं. पण लिंक्स पॅनेलमध्ये त्या चित्राचं स्केल आडवं 100 टक्के, उभं 100 टक्के होतं. प्रीफ्लाइट म्हणजे छपाईआधी पानातल्या चुका शोधणारी तपासणी. तिच्या प्रोफाइलमध्ये ‘इमेजेस अँड ऑब्जेक्ट्स’खाली ‘नॉन-प्रपोर्शनल स्केलिंग ऑफ प्लेस्ड ऑब्जेक्ट’ ही खूणही केलेली होती. दिवा तरी हिरवाच. याचा अर्थ एकच: ताण पानावर आलेला नव्हता, तो फोटोशॉपच्या फाइलमध्ये आधीच मुरलेला होता. इनडिझाइन फक्त स्वतःच्या हद्दीतला ताण मोजतं.

फोटोशॉपची फाइल उघडून थरावर (लेयरवर) आकार बदलण्याचं कंट्रोल-टी दाबलं, तर वरच्या पट्टीत रुंदी 100 टक्के, उंची 100 टक्के. साध्या पिक्सेल थराला आपण कधी ताणले गेलो हे आठवत नाही. एंटर दाबलं की नवा आकार हाच त्याचा 100 टक्के होतो. तोच थर स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे मूळ चित्र आत सांभाळून ठेवणारा थर असता, तर पट्टीत दोन वेगळे आकडे दिसले असते आणि तिथेच छडा लागला असता.

शेवटी गणितानेच उत्तर दिलं. बँकेने पाठवलेलं मूळ काम ए-थ्री पोस्टर होतं, 297 बाय 420 मिलिमीटर. म्हणजे उंची रुंदीच्या 1.41 पट. अंकाचं पान सव्वासात बाय साडेनऊ इंच, म्हणजे 1.31 पट. पोस्टर पानात नेमकं बसवायला उभं दाबावं लागतं ते बरोबर सात टक्क्यांच्या थोडं वर, आणि शिक्क्याचं मापही तेच सांगत होतं. प्रमाण राखून बसवलं असतं, तर साडेनऊ इंच उंचीला रुंदी 6.72 इंच आली असती आणि दोन्ही बाजूंना पाव इंचाहून थोडी जास्त पट्टी मोकळी राहिली असती. ती पट्टी पार्श्वभूमीच्या रंगाने भरायची, हे नेहमीचं काम. इथे पट्टी उरलीच नव्हती. चुकीचं काम कडेला कड लावून इतकं नेटकं बसलं होतं, की बरोबर कामापेक्षा तेच बरोबर वाटावं. अशी चूक नजर स्वतःहून पकडत नाही.

एकाच कळीचे दोन अर्थ

ज्या डिझायनरने हे केलं तिने निष्काळजीपणा केलेला नव्हता. ती सकाळभर इलस्ट्रेटरमध्ये होती. तिथे कोपरा ओढताना शिफ्ट धरलं की प्रमाण टिकतं, सोडलं की मोडतं. तोच हात घेऊन ती फोटोशॉपमध्ये आली, शिफ्ट धरलं आणि कोपरा ओढला. फोटोशॉपने नेमकं उलट केलं.

हा बदल 15 ऑक्टोबर 2018 रोजी आलेल्या 20.0 या आवृत्तीतला. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या फोटोशॉपमध्येही शिफ्ट म्हणजे प्रमाण असंच होतं. नव्या पद्धतीत शिफ्टशिवाय ओढलं की प्रमाण टिकतं आणि शिफ्ट धरलं की मोडतं. बहुतेक वेळा माणसाला प्रमाण हवंच असतं, म्हणून कल्पना चांगलीच. पण ती अर्धीच उतरली. त्या आवृत्तीत फोटो आणि मजकुराचे थर नव्या रीतीने वागत होते, तर व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांनी काढलेले) आकार जुन्याच रीतीने. म्हणजे एका सॉफ्टवेअरच्या पोटातच दोन नियम. आकारांचं वागणं नोव्हेंबर 2019 मध्ये आलेल्या 21व्या आवृत्तीत जुळलं. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनने मात्र शिफ्टचा जुना अर्थ सोडला नाही. एकाच कंपनीची तीन सॉफ्टवेअर शेजारी-शेजारी बसवणाऱ्या स्टुडिओला हा बदल सुसंगतीचा नव्हता, तो फुटीचा होता.

त्यात आणखी एक खाच आहे. नव्या पद्धतीत वरच्या पट्टीत रुंदी आणि उंचीच्या मध्ये साखळीचं चिन्ह असतं. साखळी चालू असेल तर साध्या ओढण्याने प्रमाण टिकतं, बंद असेल तर मोडतं, आणि शिफ्ट दर वेळी याच्या उलट करतं. शिवाय शेवटची स्थिती फोटोशॉप लक्षात ठेवतं, पुढच्या वेळी उघडल्यावरही. एका माणसाच्या स्वतःच्या संगणकावर हे सोयीचं आहे. दोन पाळ्यांच्या संगणकावर सकाळच्या माणसाने साखळी तोडून ठेवली, की संध्याकाळच्या माणसाच्या शिफ्टचा अर्थ बदलतो आणि त्याला कुणी काही सांगत नाही. ‘त्या दोन नंबरच्या मशीनवर फोटोशॉप वेगळं वागतं’ ही तक्रार स्टुडिओत महिनाभर होती. ती खरी होती.

बोभाटा होणारी चूक आणि मुकी चूक

चार सॉफ्टवेअर सगळ्या बाबतींत सारखी करायला घेतली, तर वर्ष जाईल आणि सगळ्यांचेच हात अडखळतील. म्हणून आधी तक्ता केला. उभ्या ओळीत आज्ञांची नावं लिहिली नाहीत, हाताच्या सवयी लिहिल्या: ‘शिफ्ट धरून कोपरा ओढणं’, ‘कंट्रोल-झेड दोनदा’, ‘कंट्रोल-डी’, ‘डब्ल्यू’. आडव्या रकान्यांत चार सॉफ्टवेअर. मग प्रत्येक चौकटीला एकच प्रश्न: इथे दुसरीकडची सवय वापरली गेली, तर चूक त्याच क्षणी दिसते का?

कंट्रोल-क्यू घ्या. कोरलमध्ये ते मजकुराचे कर्व्ह, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करतं, अ‍ॅडोबीत सॉफ्टवेअर बंद करतं. काकांचा हात इलस्ट्रेटरमध्ये रोज एकदा तरी तिकडे जातो. पण जतन न केलेली फाइल असेल तर आधी प्रश्न येतो, एस्केप दाबलं की संपलं. चुकीचा बोभाटा होतो म्हणून ती निरुपद्रवी. कळ तशीच ठेवली.

कंट्रोल-डी चार ठिकाणी चार कामं करतं. कोरलमध्ये प्रत काढतं, फोटोशॉपमध्ये निवड सोडतं, इनडिझाइनमध्ये फाइल आणण्याची खिडकी उघडतं. यातलं काहीच लपून राहत नाही. इलस्ट्रेटरमध्ये मात्र ते आधीचं रूपांतर पुन्हा करतं. बाणाच्या कळीने लोगो एक पॉइंट सरकवला आणि प्रत मिळेल म्हणून कंट्रोल-डी दाबलं, तर प्रत येत नाही, लोगोच आणखी एक पॉइंट सरकतो. पुन्हा दाबलं, पुन्हा सरकला. ही मुकी चूक. इथे कळ बदलायची गरज नव्हती. ‘काका, इलस्ट्रेटरमध्ये प्रत ऑल्ट धरून ओढूनच काढायची’ एवढं ठरवून पुरलं, कारण ऑल्ट-ओढ फोटोशॉपच्या मूव्ह टूलमध्ये आणि इनडिझाइनमध्येही तेच करते.

सगळ्यात मुकी चूक सापडली ती इनडिझाइनच्या डब्ल्यूची. पान छापल्यासारखं पाहायला सगळे डब्ल्यू दाबतात. कर्सर मजकुरात असेल तर ते अक्षर मजकुरात टाइप होतं. मजकूर रोमन असता तर मधेच आलेलं अक्षर डोळ्याला टोचलं असतं. पण जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये त्या कळीवर देवनागरीचाच एखादा तुकडा बसलेला असतो. परिच्छेदात कुठेतरी एक उपरी मात्रा किंवा अर्धं अक्षर येतं आणि ते मुद्रितशोधकाच्या खात्यात जातं. उपाय साधा: मजकुरात असताना आधी एस्केप, मग डब्ल्यू. एस्केपने इनडिझाइन निवडीच्या टूलवर परत येतं.

दोन निर्णय, एकमेकांच्या उलट

ताणण्याच्या बाबतीत स्टुडिओने सगळ्या फोटोशॉपमध्ये जुनी पद्धत चालू केली: एडिट, प्रेफरन्सेस, जनरल, ‘यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म’. हा पर्याय कंपनीने 2019 मध्ये परत दिला. तो निवडण्यामागे जुन्याचं प्रेम नव्हतं. तक्त्यातली ती ओळ आडवी वाचली, तर शिफ्ट धरून कोपरा ओढण्याचा परिणाम आता असा दिसतो: फोटोशॉपमध्ये प्रमाण टिकतं. इलस्ट्रेटरमध्ये टिकतं. इनडिझाइनमध्ये फ्रेमचं प्रमाण टिकतं, आतलं चित्र फार तर कापलं जातं, ताणलं जात नाही. चित्रासकट ओढायचं तर कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही. कोरलमध्ये कोपरा मुळातच प्रमाणात चालतो आणि शिफ्टने फक्त केंद्रापासून वाढतो, म्हणून तिथेही बिघडत नाही. चारही ठिकाणी ‘हात कोपऱ्यावर, बोट शिफ्टवर’ ही एकच सवय सुरक्षित राहते. नवी पद्धत ठेवली असती, तर अशी एकही सवय उरत नव्हती.

याची किंमत आहे. जी मुलं 2018 नंतर फोटोशॉप शिकली, किंवा ज्यांचा हात मोबाइलवरच्या सोप्या डिझाइन अ‍ॅपवर बसला, ती शिफ्ट धरतच नाहीत. त्यांच्या हातून आता चित्र ताणलं जाऊ शकतं. पण त्यांना इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट धरायला शिकावंच लागतं, त्यामुळे शिकायची गोष्ट एकच राहिली. शिवाय एक कुलूप जास्तीचं घातलं: बाहेरून आलेलं प्रत्येक चित्र फाइल मेन्यूतल्या ‘प्लेस एम्बेडेड’नेच आणायचं, म्हणजे ते स्मार्ट ऑब्जेक्ट राहतं. पान देण्याआधी अशा प्रत्येक थरावर कंट्रोल-टी दाबून रुंदी-उंचीचे आकडे सारखे आहेत ना ते पाहायचं आणि एस्केप दाबून बाहेर पडायचं.

कंट्रोल-झेडचा निर्णय नेमका उलटा झाला. जुन्या फोटोशॉपमध्ये कंट्रोल-झेड एकच पाऊल मागे-पुढे करायचं आणि कंट्रोल-ऑल्ट-झेड एकेक पाऊल मागे नेत राहायचं. 2018 च्या त्याच आवृत्तीपासून कंट्रोल-झेड सलग मागे जातं, कंट्रोल-शिफ्ट-झेड पुढे आणतं, आणि कंट्रोल-ऑल्ट-झेड शेवटच्या दोन स्थितींत झुलतं. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्येही कंट्रोल-झेड सलगच मागे जातं. इथे कंपनीने केलेला बदल योग्यच होता, आणि एडिट मेन्यूतल्या कीबोर्ड शॉर्टकट्सच्या खिडकीत ‘यूज लेगसी अनडू शॉर्टकट्स’ हा पर्याय असूनही स्टुडिओने तो कुठेही चालू केला नाही.

पण रिटचिंग करणाऱ्याचा हात जुन्या पद्धतीत घडलेला होता. चेहऱ्यावरचा डाग काढला की आधीचं आणि नंतरचं पाहायला तो कंट्रोल-झेड दोनदा दाबायचा. आता दोनदा दाबलं की तो दोन पावलं मागे जातो. मोठ्या झूममध्ये हे कळत नाही. तो पुढचा ब्रश मारतो आणि मागे घेतलेली पावलं हिस्टरीतून कायमची जातात. दुसरी सवय याहून फसवी. कंट्रोल-ऑल्ट-झेड तीनदा दाबलं तर एकच पाऊल मागे, चारदा दाबलं तर जागच्या जागी. त्याच्यासाठी नियम असा झाला: तुलनेला कंट्रोल-ऑल्ट-झेड, आणि डाग काढायचे ते नेहमी वेगळ्या रिकाम्या थरावर, ‘सॅम्पल’मध्ये ‘करंट अँड बिलो’ ठेवून. मग तुलनेसाठी थराचा डोळा बंद-चालू करणं पुरतं आणि हिस्टरीचा प्रश्नच येत नाही. ही रीत तशीही चांगली होती, ती या निमित्ताने रुजली.

जोडाक्षरांची तीन नावं

देवनागरीच्या बाबतीत विसंगती कळांची नाही, नावांची आहे. युनिकोड फॉन्टमधली, उदाहरणार्थ मुंबईच्याच ‘एक टाइप’ने केलेल्या मुक्ताची, जोडाक्षरं नीट जुळायला मजकूर रचणारं योग्य इंजिन निवडावं लागतं. ते तिन्ही ठिकाणी वेगळ्या नावाने, वेगळ्या जागी बसलेलं आहे. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेल मेन्यूत ‘अ‍ॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’. इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’, मग परिच्छेद पॅनेलमध्ये ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ नावाचा कंपोझर. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत हीच निवड प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात, टेक्स्ट इंजिन म्हणून.

हे चुकलं की ‘विद्यार्थी’मधली पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, हलन्त उघडे पडतात, रफार जागा सोडतो. मराठी वाचणाऱ्याला ही चूक लगेच दिसते. पण जाहिरातीचा आराखडा मराठी न वाचणाऱ्या ऑपरेटरच्या हातात असेल, आणि मुंबईत तो बऱ्याचदा असतो, तर त्याच्या लेखी पान ठीकच आहे. चूक मुकी आहे की नाही हे पडद्यासमोर कोण बसलंय यावरही ठरतं, आणि तक्त्यात हा रकाना नंतर जोडावा लागला.

तीच गत अवतरणचिन्हांची. सरळ अवतरणाचं आपोआप वळणदार करण्याचा पर्याय इनडिझाइनमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात, इलस्ट्रेटरमध्ये डॉक्युमेंट सेटअपमध्ये (म्हणजे प्रत्येक फाइलला वेगळा), आणि फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमध्येच पण ‘स्मार्ट कोट्स’ या दुसऱ्या नावाने. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अवतरणाच्या कळीवर अर्धा श आणि अर्धा ष बसलेले आहेत. पर्याय चालू राहिला की ते टाइप करताना तिथे भलतंच काही उमटतं. जुन्या फॉन्टच्या फाइलींसाठी तिन्ही ठिकाणी पर्याय बंद, युनिकोडच्या फाइलींसाठी चालू, आणि इलस्ट्रेटरसाठी दोन कोऱ्या नमुना फाइली करून ठेवल्या. याहून सुटसुटीत मार्ग नाही.

जे बदललं नाही, आणि ऑक्टोबर

कोरलड्रॉमध्ये इलस्ट्रेटरसारख्या कळांचं तयार वर्कस्पेस मिळतं. ते लावावं असा विचार झाला आणि सोडला. काकांच्या दिवसाचा बराचसा भाग कोरलमध्ये जातो. इलस्ट्रेटर त्यांच्या वाट्याला थोडा येतो. थोड्यासाठी बऱ्याचशाचा हात मोडायचा नाही. ग्रुप सोडायला कोरलमध्ये कंट्रोल-यू आणि इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-जी, हे त्यांना वेगळं वेगळं राहूनही चाललं. एकच गोष्ट तिथे पक्की केली: आउटलाइन पेनच्या खिडकीत ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ चालू. इलस्ट्रेटरमध्ये तिचा जोडीदार प्रेफरन्सेसमधला ‘स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स’. हे बंद असताना पत्रिकेतला लोगो फ्लेक्सवर दहापट मोठा केला तर रेषा केसासारख्या राहतात, आणि फ्लेक्सचा लोगो पत्रिकेत लहान केला तर रेषा एकमेकांत मिसळून डाग होतो.

ठरलेल्या सेटिंगांचा एक पानाचा तक्ता प्रत्येक संगणकाशेजारी लागला. शॉर्टकटांचे संच फाइल म्हणून जतन करून सामायिक फोल्डरमध्ये ठेवले. पण सेटिंगं टिकत नाहीत. फोटोशॉप उघडताना कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट धरून प्रेफरन्सेस पुसणं हा बिघाडावरचा सर्रास उपाय आहे आणि त्यात लेगसीची खूणही जाते. दुसरं कारण मोठ्या आवृत्त्यांचं. 2008 मध्ये फोटोशॉपच्या सीएस-फोर आवृत्तीने इतर सॉफ्टवेअरशी जुळवून घेण्यासाठी कंट्रोल-1 रंगांच्या चॅनेलकडून काढून 100 टक्के दृश्याला दिलं, आणि चॅनेलच्या जुन्या कळा परत मिळण्याचा पर्याय पुढच्या आवृत्तीत आला. सीएस-फोरही ऑक्टोबरचीच. 2018 ची लक्ष्मीपूजा 7 नोव्हेंबरला होती, म्हणजे शिफ्टचा अर्थ बदलणारी आवृत्ती दिवाळीच्या तीन आठवडे आधी येऊन पडली, जेव्हा मुंबईतल्या प्रत्येक अंकाची पानं दारात उभी असतात.

म्हणून गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंत क्रिएटिव्ह क्लाउडमधलं आपोआप अपडेट बंद. नवी आवृत्ती घ्यायचीच तर प्रगत पर्यायांत जुनी काढून टाकण्याची खूण काढायची, म्हणजे दोन्ही शेजारी राहतात. आणि घेतल्यावर पहिलं काम चाचणी फाइलचं: फोटोशॉपमध्ये पिक्सेल थरावर एक वर्तुळ, व्हेक्टर थरावर एक वर्तुळ, मुक्तामध्ये ‘विद्यार्थी’ हा शब्द. दोन्ही वर्तुळांचा कोपरा शिफ्ट धरून तिरपा ओढायचा आणि पट्टीतले आकडे वाचायचे. कंट्रोल-झेड तीनदा दाबून हिस्टरी पॅनेलमध्ये तीन पावलं मोजायची. शब्दाचं एक अक्षर खोडून पुन्हा टाइप करायचं आणि वेलांटी कुठे बसते ते पाहायचं. पाच मिनिटं लागतात, आणि ही चाचणी चारही संगणकांवर करायची, दोन नंबरच्या मशीनपासून सुरुवात करून.

बँकेचं पान दुसऱ्या दिवशी नव्याने लागलं. पोस्टर स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून आणलं, उंची पानाला जुळवली, दोन्ही बाजूंच्या पाव इंची पट्ट्या पोस्टरच्याच निळ्या रंगाने भरल्या. त्याच संगणकावर त्या आठवड्यात झालेल्या बाकी जाहिराती मूळ फाइलींवर ‘डिफरन्स’ ब्लेंडिंगने (ते दोन थरांतला फरकच तेवढा दाखवतं) ठेवून तपासल्या, तेव्हा आणखी दोन ताणलेल्या निघाल्या. त्यांत गोल काहीच नव्हतं.